दृष्टीवाचून पाकक्रिया : संवेदनशास्त्राच्या दृष्टीने काही विचार

दनी दीद्रो या फ्रेंच विचारवंताने १७४९ साली अंधांविषयी एक पत्ररूप निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मतांबद्दल त्याच वर्षी त्याला व्हँसेनच्या किल्ल्यात बंदिवास भोगावा लागला, हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या निबंधाच्या आरंभी प्युइझो या गावच्या एका जन्मांध गृहस्थाचे जे वर्णन येते, त्याकडे मात्र त्या मानाने थोड्यांचे लक्ष गेले आहे. हा गृहस्थ घरी मद्यार्क गाळीत असे आणि वर्षातून एकदा ते घेऊन पॅरिसला जात असे. घरातील सर्व वस्तू तो जागच्या जागी लावून ठेवी. विस्तव किती जवळ आहे हे तो आचेवरून ओळखी. भांडे किती भरले हे ओतल्या जाणाऱ्या द्रवाच्या आवाजावरून ठरवी. आणि जवळपास एखादी वस्तू आहे की नाही हे चेहऱ्यावर जाणवणाऱ्या हवेवरून सांगे, असे दीद्रोने नमूद केले आहे. या तीन निरीक्षणांत दृष्टीवाचून होणाऱ्या पाकक्रियेचे बरेचसे शास्त्र बीजरूपाने आलेले आहे. पुढील दोन-अडीच शतकांत त्यांतील दोन निरीक्षणे खरी ठरली आणि तिसरे फार उद्बोधक रीतीने चुकीचे ठरले.

तत्त्वज्ञांना या विषयातील वेगळाच प्रश्न अधिक आकर्षक वाटत आला. स्पर्शाने गोल आणि घन यांतील भेद जाणणाऱ्या जन्मांधास एकाएकी दृष्टी लाभली, तर केवळ पाहून तो हा भेद ओळखील काय, असे डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ मध्ये जॉन लॉकला विचारले, आणि १६९४ च्या आवृत्तीत लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथात समाविष्ट केला. मॉलिन्यूची पत्नी लूसी ही विवाहानंतर थोड्याच काळात अंध झाली होती. तिच्या पतीचा प्रश्न आजही चर्चिला जातो. पण तो दृष्टी परत मिळण्याचा प्रश्न आहे. ज्याला दृष्टी नाही आणि मिळणारही नाही, त्याचे रोजचे काम कसे चालते हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत लेखात त्याची मर्यादा आणखी आवळून तो घरगुती स्वयंपाकापुरता घेतला आहे.

स्वयंपाकात डोळे नेमके काय करतात, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यांची कामे मुख्यतः दोन. पहिले काम स्थाननिश्चितीचे : सांडशी कोठे आहे, तव्याची कड कोठे संपते, विळीच्या पात्यापासून बोट किती अंतरावर आहे. दुसरे काम अवस्था ओळखण्याचे : कांदा परतला गेला की नाही, आधण आले की नाही, पाक झाला की नाही. ही दोन कामे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत, आणि पहिल्यासाठी लागणारे उपाय दुसऱ्यास उपयोगी पडत नाहीत. पहिल्या कामात दृष्टीचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे, कारण एकाच क्षणात संपूर्ण मांडणी समोर ठेवण्याचे सामर्थ्य अन्य कोणत्याही इंद्रियात नाही. दुसऱ्या कामात मात्र दृष्टीला आपण देतो तेवढे श्रेय देण्याचे कारण नाही. याची साक्ष मराठी स्वयंपाकघराची भाषाच देते. ‘गुलाबी रंगावर परतणे’, ‘सोनेरी होईपर्यंत तळणे’ या सूचना डोळ्यांच्या खऱ्या. परंतु ‘मोहरी तडतडेपर्यंत’, ‘खमंग वास सुटेपर्यंत’, ‘बोटचेपा भात’, ‘एकतारी पाक’, ‘कानाच्या पाळीइतकी मऊ कणीक’ या सूचना कान, नाक आणि बोटे यांना उद्देशून आहेत. डोळस गृहिणीही अर्धा स्वयंपाक डोळ्यांनी करीत नाही. ती तो डोळ्यांदेखत करते, एवढेच. कुकरच्या शिट्ट्या मोजणे हे तर या प्रदेशातील सर्वांत प्रचलित पाकमापन असून त्यात डोळ्यांचा काडीचाही संबंध नाही.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार, सर्वोत्तम चष्म्यानंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असल्यास, ती अंधता होय. या व्याख्येत ज्यांना उजेड, आकृती किंवा ठळक रंगभेद कळतो अशाही अनेक व्यक्ती येतात. त्यांना काळ्या ताटात पांढरा भात किंवा पांढऱ्या पाटावर वांगे, एवढी सोय पुरेशी ठरू शकते. येथील विवेचन ज्यांना दृष्टीचा काहीच उपयोग होत नाही त्यांच्यासंबंधी आहे.

आता दीद्रोच्या तीन निरीक्षणांकडे वळू. त्यांपैकी भांडे भरण्याचे निरीक्षण सर्वांत सरळ आहे. उभ्या पेल्यात पाणी ओतू लागले की पाण्याच्या पृष्ठभागापासून काठापर्यंत उरलेला हवेचा स्तंभ कंप पावतो. एका बाजूने बंद असलेल्या अशा स्तंभाचा मूलस्वर त्याच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात चढतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरल्यास, १० सेंटिमीटर रिकाम्या पेल्याचा स्वर स्थूलमानाने ८५० कंपनांचा असेल. ५ सेंटिमीटर उरले म्हणजे तो १,७०० वर आणि अडीच सेंटिमीटर उरले म्हणजे ३,४०० वर जाईल. पेला अर्धा भरेपर्यंत स्वर एक सप्तक चढतो. पुढच्या निम्म्याच पाण्यात तो दुसरे सप्तक चढतो. अर्थात काठ जवळ येईल तसा स्वर अधिकाधिक वेगाने वर सरकतो, आणि नेमक्या याच वेळी ओतणाऱ्यास सूचना हवी असते. केब आणि पिटेंजर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, केवळ ऐकून भांडे काठापर्यंत भरणे डोळस व अंध अशा दोघांनाही साधले. तथापि या युक्तीला मर्यादा आहे. पसरट पातेले, परात किंवा घट्ट वरण यांच्या बाबतीत असा स्पष्ट स्वर निघत नाही. तेथे वाटीने मोजून घालणे, भांड्याच्या वजनावर भिस्त ठेवणे किंवा, पदार्थ थंड असल्यास, काठाच्या आत बोटाचे पेर सोडणे हेच उपाय उरतात. तांदळावर किती पाणी हवे ते पेराने मोजण्याची रीत डोळसांतही रूढ आहे. तिच्यासाठी अंधाला नवे काही शिकावे लागत नाही.

चेहऱ्यावर जाणवणाऱ्या हवेचे निरीक्षण मात्र फसवे निघाले. भिंतीजवळ आल्याची जाणीव आपल्याला गालांवर होते असे पुष्कळ अंध व्यक्ती प्रामाणिकपणे सांगत असत, आणि म्हणून या शक्तीला ‘मुखदृष्टी’ असे नावही पडले होते. कॉर्नेल विद्यापीठात सूपा, कॉट्झिन व डॅलनबाख यांनी १९४४ मध्ये हा दावा तपासला. त्यांपैकी सूपा स्वतः अंध होता. चेहरा व हात झाकले तरी अडथळ्याची जाणीव टिकून राहिली. कान बंद करताच ती नाहीशी झाली. पावलांचा आवाज अडथळ्यावरून परत येतो आणि तो ऐकला जातो. पण अनुभवास मात्र तो ‘गालावर’ येतो. हा निष्कर्ष संशोधक विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अंध स्वयंपाकिणीला ‘हे तुम्हांला कसे कळते?’ असे विचारून जे उत्तर मिळते ते तिच्या अनुभवाचे वर्णन असते, यंत्रणेचे नव्हे. आणि हीच गोष्ट डोळस स्वयंपाकिणीसही लागू आहे. याच प्रयोगाचा एक व्यावहारिक उपसिद्धांतही आहे. भिंत किंवा कपाट ध्वनी परतवते. अर्धवट उघड्या दाराची पातळ कड जवळजवळ परतवीत नाही. स्वयंपाकघरात कपाळाला लागणारी वस्तू बहुधा भिंत नसते. दुसऱ्या कोणी उघडे टाकलेले फडताळाचे दार असते.

उरले आचेचे निरीक्षण. ते खरे आहे, परंतु वाटते त्याहून गुंतागुंतीचे आहे. त्वचा वस्तूचे तापमान मोजीत नाही. त्वचेत उष्णता किती वेगाने शिरते अथवा बाहेर जाते, ते जाणते. म्हणून एकाच तापमानाचा स्टीलचा डाव आणि लाकडी डाव यांतील पहिला चटका देतो, दुसरा देत नाही. दृष्टीवाचून काम करणाऱ्याला तव्याला हात लावून त्याची परीक्षा करता येत नाही, हे उघड आहे. त्वचेचे तापमान सुमारे ४५ अंश सेल्सिअसवर गेले की वेदना सुरू होते आणि तवा त्याच्या कितीतरी पुढे असतो. यासाठी हात तव्यावर वीतभर उंचीवर धरून, सुसह्य राहील इतका खाली आणतात. येथे तापमानाचे रूपांतर अंतरात होते आणि अंतर हाताच्या स्नायूंना उत्तम कळते. रोज त्याच तव्याशी, त्याच शेगडीशी व्यवहार असेल तर ही मोजणी भरवशाची ठरते. परक्या घरी ती पुन्हा बसवावी लागते. मिरच्या चिरल्यावर किंवा कुटल्यावर मात्र काही काळ तिच्यावर विसंबू नये. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य उष्णतेने उत्तेजित होणाऱ्या त्याच ग्राहकावर कार्य करते आणि कमी आचही अधिक भासवते. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला व २०२१ च्या नोबेल पारितोषिकास तो कारण झाला.

तव्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकणे ही दुसरी प्रचलित कसोटी. तिच्यातही एक फसगत आहे. तवा फारच तापला तर थेंबाखाली वाफेचा थर निर्माण होऊन थेंब तव्याला न टेकता इकडेतिकडे पळतो. योहान लायडेनफ्रॉस्टने १७५६ मध्ये वर्णिलेला हा परिणाम सर्वांच्या पाहण्यात असतो. थेंब टेकत नाही म्हणून आवाज उलट मंदावतो. तवा थंड आहे म्हणून आवाज नाही, की अतितप्त आहे म्हणून नाही, हे एकट्या कानाला ठरवता येत नाही. डोळस माणसाला पळणारा थेंब दिसतो; दृष्टीहीनाला वर धरलेल्या हाताची साक्ष काढावी लागते. दोन इंद्रियांची साक्ष जुळवून पाहण्याची ही सवय दृष्टीवाचून चाललेल्या स्वयंपाकात पदोपदी आढळते. कुशल अंध स्वयंपाकीण एका खुणेवर निर्णय घेत नाही.

उकळणाऱ्या पाण्याचा आवाजही असाच उलटा वागतो. तळाशी निर्माण झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या, अद्याप थंड असलेल्या पाण्यात शिरून मिटतात, आणि त्या मिटण्याचाच तो घोंघावणारा आवाज असतो. सर्व पाणी उत्कलनबिंदूस पोचले म्हणजे बुडबुडे मिटत नाहीत, पृष्ठभागावर येऊन फुटतात, आणि आवाज खाली उतरून खदखद सुरू होते. तेव्हा आवाज सर्वांत मोठा असतो तो आधण येण्यापूर्वी. तो उतरला की आधण आले. तळणीत कान याहून अधिक उपयोगी पडतो. वडा तेलात सोडताच जो कल्लोळ उठतो तो तेलाचा नसून वड्यातील पाण्याची वाफ बाहेर पडण्याचा असतो. पाणी आटत जाईल तसा आवाज विरळ व बारीक होत जातो. तळण किती झाले हे वरच्या रंगाहून या आवाजावरून काही वेळा अधिक चांगले कळते, कारण तेल फार तापले असेल तर रंग लवकर येतो आणि आत कच्चे राहते, परंतु वाफ खोटे बोलत नाही. फोडणीत मोहरी हेच घड्याळ असते : तडतड सुरू होणे, ऐन भरात येणे आणि विरळ होणे, या तीन टप्प्यांवर पुढचे जिन्नस पडतात. तेल तापल्याची मात्र स्वतःची अशी खूण नाही. तापलेले तेल मुके असते. त्याला बोलते करण्यासाठी मोहरीचे चार दाणे किंवा पिठाचा कण टाकावा लागतो.

स्पर्शाचा विचार करताना एक प्रसिद्ध प्रयोग आठवतो; योगायोगाने त्याची सामग्री स्वयंपाकघरातून आली होती. जेम्स गिब्सनने १९६२ मध्ये बिस्किटे कापण्याचे सहा लहान साचे घेतले. ते प्रयुक्ताच्या तळहातावर नुसते दाबले असता आकार बरोबर ओळखण्याचे प्रमाण सुमारे ४९ टक्के पडले. तेच साचे प्रयुक्ताने स्वतः बोटांनी चाचपले तेव्हा ते सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. बोट तेच, साचाही तोच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी हात स्वतः शोध घेत होता. सक्रिय स्पर्श आणि निष्क्रिय स्पर्श यांतील हा भेद डेव्हिड कॅट्झने १९२५ मध्येच मांडला होता. क्लाट्झ्की, लेडरमन व मेट्झगर यांनी १९८५ मध्ये दाखविले की रोजच्या वापरातील शंभर वस्तू केवळ स्पर्शाने, बहुतेक पाच सेकंदांच्या आत, जवळपास बिनचूक ओळखल्या जातात. आणि १९८७ मध्ये लेडरमन व क्लाट्झ्की यांनी हाताच्या अन्वेषक हालचालींचे वर्गीकरण केले. खरखरीतपणा जाणण्यासाठी बोट आडवे फिरते. कठीणपणा जाणण्यासाठी ते दाबते. ऊन-गार कळण्यासाठी हात स्थिर टेकतो. वजनासाठी वस्तू उचलून तोलली जाते. आकारमानासाठी ती मुठीत घेतली जाते. आणि नेमक्या रेषेसाठी बोट कडेने फिरते. भाताचे शीत चेपणे, रवा चिमटीत चोळणे, नारळ हातात तोलणे, पुरणाचा गोळा मुठीत वळणे या क्रियांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्या याच वर्गीकरणाची उदाहरणे असल्याचे दिसते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण डोळ्यांची नव्हे, बोटांची आहे.

भाकरीचे उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे, कारण ती अवघड मानली जाते आणि तरीही तिच्यात डोळ्यांचे काम आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. ज्वारीच्या पिठात कणकेसारखा चिवटपणा नसल्याने ते मळताना तळहाताच्या टाचेखाली ते तुटते की सरकते हेच पाहावे लागते, आणि हे हातालाच कळते. परातीत थापताना उजवा हात भाकरी फिरवीत असतो आणि त्याच वेळी तिची जाडी मोजीत असतो. कड जाड राहिली तर बोटांखाली उंचवटा लागतो, मध्य पातळ झाला तर परात जाणवू लागते. खाली पीठ संपले की भाकरी फिरायची थांबते. तव्यावर टाकणे हा मात्र धाडसाचा क्षण आहे. दोन्ही तळहातांवरून भाकरी सरकवताना तव्याचा मध्य ठाऊक असावा लागतो. त्यासाठी तवा नेहमी त्याच ठिकाणी, दांडा त्याच दिशेला, आणि शक्यतो शेगडी पेटविण्यापूर्वी मांडलेला असणे हे सर्वांत महत्त्वाचे. नंतर पिठाच्या बाजूवर पाणी फिरवतात. ते पाणी वाळणे ही उलटण्याची खूण आहे आणि ती वर धरलेल्या हाताला वाफ मंदावल्याने कळते. भाजलेली बाजू उलथण्याखाली सुटी होऊन सरकते. न भाजलेली चिकटते. शेवटी भाकरी फुगते, तेव्हा एखाद्या छिद्रातून वाफेचा फुत्कार ऐकू येतो. या सर्व क्रमात केवळ डोळ्यांनाच कळेल अशी गोष्ट म्हणजे भाकरीवर पडलेले काळे डाग; पण त्यांचा वास आधीच येतो.

विळीविषयी येथे एक गोष्ट सांगणे वावगे ठरणार नाही. सुरीने चिरताना पाते हलते. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांत राहते. पाटावर पाय ठेवून बसलेल्या व्यक्तीच्या शरीराशी पात्याचे स्थान बदलत नाही. स्थाननिश्चितीच्या प्रश्नाची अर्धी तोड या जुन्या साधनात आपोआप झालेली आहे. उभ्याच्या ओट्यांबरोबर विळी मागे पडली, आणि सुरी वापरणाऱ्यास डाव्या हाताची बोटे आत मुडपून पेरांच्या आधाराने पाते चालविण्याची शिस्त निराळी शिकावी लागते.

घ्राणेंद्रिय मदत करते, पण त्याला थकवा लवकर येतो. बेसन भाजताना सुटणारा खमंगपणा हा लुई कामीय मायार याने १९१२ मध्ये वर्णिलेल्या अभिक्रियेचा परिणाम असून कच्चेपणा आणि करपणे यांमधील टप्पा नाकाला स्पष्ट कळतो. तथापि कढईपाशी सतत उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाक त्या वासाला सरावते. करपल्याचे प्रथम बाहेरच्या खोलीतील माणसाला कळते, हा घरोघरीचा अनुभव आहे. म्हणून क्षणभर दूर होऊन पुन्हा वास घेणे हितावह. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथिल मरकॅप्टन मिसळलेले असते. सिलिंडरमधील वायू हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास खाली वाकून घेणे योग्य.

काही गोष्टी मात्र मुक्या, वासरहित आणि हात न लावण्यासारख्या असतात, आणि खरी अडचण तेथे आहे. दूध उतू जाणे हे त्याचे ठळक उदाहरण. फेस निःशब्द चढतो आणि आवाज होतो तो सांडल्यावर. दुहेरी भिंतीचे, शिट्टीचे दुधाचे भांडे हा त्यावरचा उत्तम उपाय होय. भिंतींमधील पाणी उकळले की शिट्टी वाजते, अर्थात दुधाची मुकी अवस्था पाण्याच्या बोलक्या अवस्थेत रूपांतरित होते. ते डोळस घरांतही दुर्मिळ नाही. तांदळातील खडा बोटांना सापडतो, परंतु पालेभाजीतील अळी सापडेलच अशी खात्री नसते. जुन्या लोणच्यावरील बुरशीची सुरुवात कळत नाही. गॅसची ज्योत पिवळी पडली हे कळत नाही. पदर किंवा सैल बाही ज्योतीवरून जात आहे हेही वेळेवर कळत नाही, आणि हा धोका वरील सर्वांहून मोठा आहे. अशा ठिकाणी कौशल्यापेक्षा नियम अधिक उपयोगी : पदर खोचल्याशिवाय काडी ओढायची नाही, भांडे उतरवण्यापूर्वी आच बंद करायची, भांड्याचा दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही. हे नियम डोळसांनाही सांगितले जातात. डोळस ते मोडून बहुधा निभावून जातात, एवढाच फरक.

येथवरच्या विवेचनावरून, एक इंद्रिय गेले की इतर इंद्रिये आपोआप तीक्ष्ण होतात या लोकप्रिय समजाला पुष्टी मिळते असे कोणी समजू नये. सॅम्युएल हेझने १९४१ च्या ग्रंथात या समजाची कसून तपासणी केली. साध्या संवेदनसीमांच्या कसोट्यांत अंध व्यक्ती सर्वसाधारणपणे सरस ठरत नाहीत. जो फरक दिसतो तो मुख्यतः अवधान आणि सराव यांचा असतो. याची दुसरी बाजूही आहे. सादातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की ब्रेल वाचताना अंध व्यक्तींच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्र कार्यरत होते. म्हणजे इंद्रिय बदलत नसले तरी मेंदूने त्याच्याकडून करून घ्यावयाचे काम बदलते, आणि त्याला काळ लागतो. यावरून एका संशोधनपद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. डोळस विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला चहा करावयास लावला, तर जे मोजले जाते ते अंधत्व नव्हे. अंधत्वाचा पहिला तास होय. अशा प्रयोगातून बाहेर पडणारा प्रयुक्त ‘हे अशक्य आहे’ असे मत घेऊन जातो, आणि ते मत पुढे एखाद्या अंध मुलीच्या वाट्याला येते.

कारण प्रश्न केवळ संवेदनांचा नाही. रॉबर्ट स्कॉट या समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये असे प्रतिपादन केले की अंध व्यक्तीचे परावलंबन हे बऱ्याच अंशी दृष्टिहीनतेतून नव्हे, तर तिच्याशी इतरांच्या होणाऱ्या व्यवहारातून शिकलेले असते. हे त्याने अमेरिकेतील संस्थांविषयी लिहिले; तथापि मराठी कुटुंबात त्याचा पडताळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच येतो. अंध मुलीला ‘भाजेल’ म्हणून चुलीजवळ येऊ देत नाहीत. ती भाजत नाही. आणि ती शिकतही नाही. पुढे तिच्या लग्नाची गोष्ट निघते तेव्हा तिला स्वयंपाक येत नाही हेच कारण पुढे केले जाते. अंध मुलाची गोष्ट निराळी. त्याला कोणी मनाई करीत नाही, कारण त्याने स्वयंपाक शिकावा हे कोणाच्या मनातच येत नाही, आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात एकटा राहू लागल्यावर तो खाणावळीचा कायमचा बांधील होतो. मुंबईत दादर येथे अंधांची शाळा १९०० साली सुरू झाली, १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी ठरली. वाचनाचा प्रश्न असा काही अंशी सुटला. मसाल्याच्या डब्यांवर ब्रेलच्या पट्ट्या लावता येऊ लागल्या, ही त्याची स्वयंपाकघरातील लहानशी फलश्रुती. पण जिऱ्याचा डबा दुसऱ्याने वापरून ओव्याच्या जागी ठेवला तर पट्टीचा उपयोग दुसऱ्या हेलपाट्यानंतर होतो. वस्तू जागेवर असणे ही अंध व्यक्तीची शिस्त म्हणून वर्णिली जाते. वस्तुतः ती इतरांची शिस्त असावी लागते.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. विजेच्या इंडक्शन शेगडीला ज्योत नसते, भांडे उचलताच ती उष्णता देणे थांबवते, आणि कापड पेटण्याचा धोका तीत फार कमी आहे. दृष्टीवाचून काम करणाऱ्यास यापेक्षा निर्धोक साधन सुचणे कठीण. परंतु यांतील बहुसंख्य शेगड्यांचा दर्शनी भाग सपाट काचेचा असतो. त्यावर उंचवटा नसतो, खाच नसते. आकडे दिव्यांनी दिसतात. जुन्या गॅसच्या शेगडीची कळ बोटांना आपली स्थिती सांगते : पूर्ण फिरवून अडली म्हणजे मंद आच, पहिल्या पावटप्प्यावर मोठी. सपाट फलकावर केवळ खुणांचा अभाव आहे असे नाही. तेथे शोधणे आणि आज्ञा देणे या एकच क्रिया झाल्या आहेत. गिब्सनच्या प्रयोगातील बोट आकार शोधण्यासाठी मोकळेपणाने फिरत होते. या काचेवर तसे फिरलेले बोट वाटेत लागेल ती आज्ञा देऊन बसते. सक्रिय स्पर्शाला येथे बंदी आहे, आणि निष्क्रिय स्पर्शाला तेथे काहीच सापडत नाही. फलकावर डिंकाने उंच ठिपके चिकटवण्याचा घरगुती उपाय प्रचलित आहे, आणि तो काही अंशी चालतो. मात्र प्रत्येक बटण दर वेळी एकच कार्य करीत असेल तरच तो चालतो. एकच खूण कधी तापमान तर कधी वेळ बदलीत असेल तर ठिपका काहीच सांगू शकत नाही.

२०१६ च्या अधिनियमाच्या ४३ व्या कलमान्वये, सर्वसामान्य वापराच्या वस्तू दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येतील अशा सार्वत्रिक रचनेने तयार व्हाव्यात व उपलब्ध व्हाव्यात, यासाठी उपाय योजण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. शेगडी ही अशी वस्तू आहे याबद्दल दुमत होऊ नये. तिची कसोटी घेणे अवघड नाही आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही : वर्षानुवर्षे स्वयंपाक करीत आलेल्या अंध व्यक्तींच्या हाती ती शेगडी, ठिपके न चिकटवता, द्यावी, आच लावणे, कमी करणे, बंद करणे आणि ती बंद झाल्याची खात्री करून घेणे या चार क्रिया कोणास विचारल्याविना होतात की नाहीत, किती वेळात होतात आणि कोणत्या क्रियेत बोट प्रथम अडते, याची नोंद ठेवावी. त्यांतील चौथ्या क्रियेवर विशेष लक्ष असावे. गॅस बंद झाल्याचे कानाला कळते; इंडक्शन शेगडी बंद झाल्याचे बहुतेक वेळा फक्त एक दिवा विझून सांगतो.